हात मागं

महाबळेश्वरच्या वाटेवर एका हौशी मालकाची जुन्या मोटारींची शेड आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथं नेतेच. गाड्या पुसणारा माणूस दारातच म्हणतो, “आवं मावशी, हात मागं.” गाडीला कुणाचा हात लागला तर त्याची नोकरी जायची. मग आम्ही शाळेतल्या पोरांसारखे हात पाठीशी बांधून फिरतो. नुसती नमुन्याला बनवलेली, बिनइंजिनाची एक गाडी आहे, तिच्यावर त्याचा लय जीव.

दसऱ्याला मी गेले, तेव्हा त्यानं सगळ्या गाड्यांच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. बाकीच्या गाड्यांनी ते चिरडलं, ही बिनइंजिनाची जागची हलेना.

“मावशी, हात लावा.”

“आणि मालक?”

“बोलणी मी खातो. सणाचं हिलाच उपाशी ठिवू व्हय?”

आम्ही ढकललं, लिंबू फुटलं. माझ्या बोटांचे ठसे फडक्यानं पुसत तो म्हणाला, “हात मागं.”