डब्यातला शेवटचा आर्म

"तोंड वर करून 'संपला' म्हणालात! मी तिथेच उभी होते, हातात थर्मास घेऊन. आता मला नियम शिकवू नका."

"अगं, पण नियम म्हणजे..."

"मग हे काय आहे?" स्टोअरकाकांच्या बायकोने जेवणाच्या टेबलावर डबा आपटला.

बावीस खणांचा पारदर्शक डबा. प्रत्येक खणावर काकांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी. चौथ्या खणात, पाकीटसुद्धा न फोडलेला, एकच काळा प्लास्टिकचा आर्म होता. रिमोटच्या ट्रकचं पुढचं चाक ज्या दांडीवर तोललेलं असतं ना, ती ही दांडी. असेल बोटाएवढी. ट्रक कशावर आदळला की सगळ्यांत आधी हीच मोडते.

"आई, जाऊ द्या ना," सून ताटं मांडता मांडता म्हणाली. "बाबांनी काय कुणाचा खून केलाय?"

"तू मध्ये पडू नकोस. कपडे शिवायला टाकले आणि टेलरमास्तर 'दोरा संपला' म्हणाले असते, तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

स्टोअरकाकांनी चौथ्या खणावरची चिठ्ठी बोटाने सरळ केली.

कारखान्याच्या कोठारात जाळीच्या खिडकीआड त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बेअरिंग, पट्टे, वॉशर, कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं. पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या डाळी-साखरेच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. सासू-सून दोघी इतक्या वैतागल्या, की सुनेने ऑफिसच्या सोडतीत मिळालेला रिमोटचा ट्रक त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, वेळ जाईल तुमचा."

गेला, आणि चांगलाच गेला. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी आठ-दहा मोठी माणसं असेच ट्रक घेऊन जमत. काका त्यांच्यात जाऊन बसू लागले. नवा माणूस आला की पहिल्यांदा एक चकचकीत मोटर जादा घेऊन ठेवायचा. काका हसायचे. "मोटर मरत नाही हो. मरतात त्या बारक्या वस्तू." सहा महिने मैदानावर कुणाचं काय मोडतं, हे त्यांनी वहीत लिहिलं आणि मगच हा डबा भरला. शर्यतीत त्यांचा ट्रक यथातथाच पळे. पण सुट्या भागांच्या बाबतीत काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. घरात कोण त्यांचं ऐकत होतं? मैदानावर ऐकत होते.

आणि आज सकाळी वर्षाच्या मोठ्या शर्यतीत अंतिम फेरीला वीस मिनिटं उरलेली असताना टेलरमास्तरांचा ट्रक वळणावरच्या विटेला धडकला. मोडका आर्म तळहातावर घेऊन मास्तर धावत आले. "काका, पुढचा डावा आर्म?"

काकांनी अर्धवट उघडलेलं झाकण तळव्याने दाबलं. "संपला."

एवढ्यावर भागलं असतं, तरी एक वेळ चाललं असतं. पण पलीकडे स्वतःचा ट्रक घेऊन बसलेली फोटोग्राफरबाई आपली पिशवी उघडायला लागली, तर मास्तरांनीच तिला थांबवलं. "राहू द्या ताई, उगाच उलथापालथ कशाला? काकांकडे नाही म्हणजे मैदानात कुणाकडेच नाही." बाईने चेन ओढून घेतली. तिच्या पिशवीत आर्म होता की नव्हता, कोण जाणे! मास्तर दोरीपाशी उभे राहिले आणि काकांच्या ट्रकसाठी टाळ्या वाजवत राहिले. काका दुसरे आले. त्यांचं काहीही मोडलं नाही.

"शेवटचा नग द्यायचा नसतो," काका शेवटी म्हणाले. "तरुणपणी एकदा दिला होता. मेकॅनिक गयावया करत होता म्हणून शेवटचं बेअरिंग दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावाचून मोठं मशीन बंद. साहेबांनी गेटवर सगळ्या पाळीसमोर माझी सालटी काढली. तेव्हापासून 'संपला' हे आपोआपच तोंडातून निघतं."

"मैदानात कुठलं मशीन बंद पडणार होतं?"

 याचं खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. मास्तरांचा ट्रक त्यांच्या ट्रकपेक्षा फेरीमागे दोन सेकंदांनी पुढे होता, आणि 'संपला' म्हणण्याआधी काकांची नजर वेळेच्या फळ्याकडे गेली होती. हे कुठल्याच कोठाराच्या नियमात बसत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांचाच. चोराच्या मनात चांदणं! काकांना जरा कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे. आता तो सगळ्या घराला ऐकू गेला.

"काका, जेवायच्या वेळेला त्रास देतोय. सकाळी तुमच्यापुढे हात पसरला, माझी मलाच लाज वाटली बघा. आपले सुटे भाग आपणच ठेवायला हवेत. काय काय ठेवू? सांगा, लिहून घेतो."

काकांनी घसा खाकरला. "पुढचे आर्म, दोन जोड्या. धातूचे घेऊ नका."

"का? मजबूत असतात म्हणे."

"म्हणूनच नको. आर्म मोडला नाही तर मार आत जातो, सांगाडाच फुटतो. तो मोडण्यासाठीच असतो. मग मोटरला लागून फिरणारं मोठं दातेरी चाक, दोन. दात मोजून घ्या, एकसुद्धा कमी-जास्त चालत नाही. मागचा ॲक्सल एक. चाकांचे नट चार. ट्रकचा टप बसवायच्या पिना मूठभर, गवतात हरवतात."

"आणि नवे मागवायचे कधी? संपल्यावर?"

"छे! एक उरला की लगेच."

"तुमचाही आज नेमका संपला, नाही का? इतकं सांभाळून असता तरी."

बायकोचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच थांबला. सुनेने वर पाहिलं. खरं सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"हो ना," काका म्हणाले. "नेमका."

"चालायचंच. तुम्ही आहात म्हणून आमचं बरं आहे," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

बायको भांडेल म्हणून काका वाट पाहत राहिले. ती भांडली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं, डबा त्यांच्यासमोरून उचलून टेबलाच्या कडेला सरकवला आणि वाढायला लागली.  शरमेने काकांची कानशिलं तापली. गेटवर सगळ्या पाळीसमोर उभे राहिले होते, तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. तेव्हा निदान खोटं बोललेले नव्हते.

पहिला घास त्यांनी हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. उठले, हात धुतले, दारामागची चप्पल पायात सरकवली.

"आता कुठे?" बायकोने विचारलं.

"मास्तरांकडे. आर्म होता आणि मी खोटं बोललो, दोनदा बोललो, हे सांगून येतो. पुढच्या रविवारी मैदानात सगळ्यांसमोर परत सांगणार आहे. तुम्ही जेवून घ्या."