पेद्रूच्या पाच सायकली

पेद्रू फर्नांडिसाची सायकल भाड्याने घेतली तर जाताना बसून आणि येताना ढकलत, असं आमच्या मालवणात म्हणायचे. म्हणणारे सगळे फुकटे! सायकल रेतीत घालायची यांनी, काट्यांवरून न्यायची यांनी, आणि नाव मात्र पेद्रूचं. पेद्रू पन्नाशीचा, पोट सुटलेला. पण वाकडं चाक मांडीवर घेऊन एकेक तार पिळत असं सरळ करायचा की बघत राहावं. तरुणपणी बेळगावात लष्कराच्या सायकली दुरुस्त करायला शिकला आणि परत येऊन बाजारात खोपटं टाकून बसला.

गोवा मोकळा झाल्यावर त्याचा मेहुणा जासिंत म्हापशाहून निरोपावर निरोप धाडू लागला, बेकरीत माणूस हवा, ये म्हणून. पेद्रू हसून सोडून द्यायचा. त्यातच आमच्या बाजारात कोऱ्या सायकलींचं दुकान उघडलं. त्या दुकानदाराने एकदा चारचौघांत विचारलं, "काय रे पेद्रू, तुझी खटारां कसालाच्या फुडे कधी गेली काय?"

पेद्रू तसा गप्प माणूस. पण त्या दिवशी भडकला. "पाच सायकली कोल्हापुराक नेतंय. फोंड्याचो घाट पयल्याच दिवशी चढतलंय. एक जरी सायकल गाडयेत घालूची लागली, तर दुकान बंद! म्हापशाक जाऊन पाव भाजतंय."

मी तिथेच उभा होतो. मनात म्हटलं, मेला हा!

आता त्याला एकटा कसा सोडणार? आमच्या रापणीतले आम्ही चौघे निघालो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. अख्खा वाडा दोराला लागतो, आणि दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटसरू का असेना. आमचा म्होरक्या भाई तांडेल, शिवाय बाबली, तुकाराम आणि मी. त्रेसष्टची थंडी होती. पहाटे निघालो, कसालाला उजाडलं, आणि सायकली अशा पळत होत्या की तुकाराम गाऊ लागला. गाणं भयंकर होतं, पण कुणी त्याला थांबवलं नाही.

गडबड केली भाईने. कसालाला चहा झाला, पेद्रू आडोशाला गेला, आणि या बाबाने पिशवीतून डबा काढून पाचही सायकलींच्या साखळ्या तारलीच्या तेलाने न्हाऊ घातल्या. होडीला बाहेरून लावतात ना, तेच मासळीचं तेल! मी ओरडलो, "भाई, ह्यां काय करतंस?"

"गप रे म्हादू. पेद्रू थेंब थेंब तेल घालता. होडयेक चलता तर सायकलीक चलाचा नाय?"

कणकवलीत शिरलो आणि गावातली झाडून सगळी कुत्री मागे लागली. काय तो वास! आम्ही जीव खाऊन पायडल मारतोय, कुत्री भुंकतायत, दारात बाया पोट धरून हसतायत. पेद्रूला वाटलं, आपण ख्रिस्ताव म्हणून कुत्री भुंकतात की काय! पुढे गावाबाहेर, पुलापलीकडे त्याने वास घेतला, साखळीकडे वाकला आणि कपाळावर हात मारून घेतला.

पण हसू फोंड्यापर्यंतच टिकलं. त्या तेलावर तांबडी धूळ बसून बसून साखळ्यांचा चिखल झाला, आणि घाटाच्या पायथ्याशी एकामागून एक पाचही अडकल्या. भाईचं तोंड एवढंसं झालं. मला असा राग आला होता की त्याला तिथेच सोडून जावं. पेद्रू मात्र कामाला लागला. सायकलींच्या दिव्यांतलं सगळं रॉकेल त्याने पत्र्याच्या डब्यात ओतून घेतलं, साखळ्या उतरवल्या, एकेक कडी घासून धुतली आणि आपल्या कुपीतलं तेल सोडलं. थेंब थेंब. मग म्हणाला, "दिवे गेले. काळोखाच्या आदी वर पोचाक व्हया."

चढावर आम्ही बसत होतो, उतरून ढकलत होतो. सायकली कुरकुरल्यासुद्धा नाहीत. दमला तो पेद्रू. माथा शेवटच्या दोन वळणांवर असताना तो रस्त्याच्या कडेला बसला. छाती भात्यासारखी हलत होती. सूर्य टेकलेला. तेवढ्यात मागून एक ट्रक आला, ड्रायव्हर घाटावरचा. "कशाला जीव काढताय, पाव्हणं? टाका की सायकल मागं."

पेद्रूने सायकलीकडे पाहिलं. डोळे भरून आले त्याचे. आता हा हो म्हणणार, असं मला वाटलं.

"खबरदार!" भाई गरजला. वळकटीचा काथ्याचा दोर त्याने खसकन सोडला आणि पेद्रूच्या हँडलाला बांधला. "पेद्रू, बस सायकलीर. बाबली, तुझी आणि माझी सायकल ढकल. तुकाराम, तू तुझी आणि म्हादूची. म्हादू, दोराक लाग. रापण आसा समज!" सायकल गाडीत घालायची नाही एवढंच ठरलं होतं. ओढायची नाही असं कोण म्हणालं होतं?

आणि आम्ही ओढलं! "ओढा रेऽऽ" म्हणून भाई असा ओरडला की अख्खा घाट घुमला. पेद्रू वर बसून रडत, हसत पायडल मारतोय. ड्रायव्हरला राहवेना. ट्रकच्या चाकाला दगड लावून तोही धावत येऊन दोराला लागला. माथ्यावर पोचलो तेव्हा उजेड होता, वाट दिसेल एवढा उजेड. आता कोल्हापुरापर्यंत असा चढ नव्हता.

भाईने भाकरी आणि सुक्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, वाटे घातले. सहावा वाटा ड्रायव्हरपुढे ठेवला. तो लाजला. भाई म्हणाला, "दोराक हात लावलंस मा? मगे खा."

पेद्रू खायला आला नाही. पाचही सायकली उलट्या उभ्या करून तो एकेक चाक फिरवत होता, कान लावून ऐकत होता. पाचवं चाक थांबलं तसा उठला, कमरेवर हात ठेवले आणि मला म्हणाला, "म्हादू, परत गेल्यार जासिंताक कळय. सांग, पाव भाजूक दुसरो कोण तरी बघ."