मामेसासऱ्यांची वेबसाइट

माझ्या मामेसासऱ्यांइतकं अवघड गिऱ्हाईक अमरावती-अकोल्यात दुसरं नसावं, आणि या दोन गावांतल्या लोकांच्या वेबसाइटी करण्यातच माझे केस पांढरे झाले आहेत. अकोल्यातली त्यांची संस्था घरात आजारी माणूस असलेल्यांना खाटा, वॉकर, व्हीलचेअर वापरायला देते आणि गरज संपली की परत नेते. मामा तिचे सचिव. संस्थेची जुनी वेबसाइट नव्याने मांडायचं काम त्यांनी जावयाला दिलं, तिथेच माझी वाद घालायची सोय संपली. सूचना फोनवर सांगणं त्यांना उथळपणाचं वाटे. पानापानाच्या रंगीत प्रती काढून, त्या डिंकाने एकाखाली एक चिकटवून, गुंडाळी काखेत मारून ते एसटीने अमरावतीला येत आणि आमच्या हॉलमध्ये अंथरत. मग तिच्यावरून अनवाणी चालत म्हणत, "जवाईबुवा, वॉकर मागाले मानसानं इतकं चालाव काय?"

बसमध्ये शेजारी बसेल त्याच्या हातात ते फोन देत आणि खाट मागवून दाखवायला सांगत. माणूस चुकला की चूक माझी. अध्यक्षांचा फोटो मी हौसेने सर्वांत वर, झेंडूच्या रंगाच्या गोल चौकटीत बसवला होता. दर्यापूरकडच्या एका बाईंनी तो पाहून फोन कपाळाला लावला आणि हळूच विचारलं, "कधी गेले?" अध्यक्ष त्या संध्याकाळी बैठकीत दोन समोसे खाऊन गेले. फोटो मात्र आतल्या पानावर गेला, आणि पहिल्या पानावर मामांना हवी तेवढीच दोन मोठी बटणं राहिली: 'सामान पाहिजे' आणि 'सामान परत न्या'.

त्या दुसऱ्या बटणावर आमचं अडलं. मी आत एक रकाना ठेवला होता, परत करण्याचं कारण. नेहमी तडतडणाऱ्या मामांनी तो दोनदा वाचला आणि त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरा झालेला मानूस सोताच पेढे घेऊन येते. जो येत नाही, त्याले कारण काहून इचारता?" मी रकाना काढला. खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. मामी जाऊन वर्ष उलटलं होतं आणि त्यांच्या आजारपणात आणलेली संस्थेची खाट अजून मामांच्या पुढच्या खोलीतच होती. दुसऱ्यांकडून सामान वेळेत परत आणणाऱ्या सचिवांना त्यांच्या घरच्या खाटेबद्दल समितीत कोणी विचारत नसे. मीही नाही. मामा कळ फिरवून तिची डोक्याकडची बाजू उंच करत, टेकून बसत आणि माझ्या चुका काढत.

वेबसाइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला गेलो. प्रत्येक बटण मामांनी स्वतः दाबून पाहिलं. शेवटचं, 'सामान परत न्या', तेवढं उरलं. मी म्हटलं, राहू द्या, हे मी घरून तपासतो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी खाट निवडली, स्वतःचा पत्ता घातला, थोडं थांबले आणि दाबलं. निरोप अर्थातच सचिवांच्या, म्हणजे त्यांच्याच खिशातल्या फोनवर आला. चष्मा लावून त्यांनी तो परक्याचा असावा तसा नीट वाचला. "सांगा त्याईले," मला म्हणाले, "काही घाई नाही म्हना." आणि चहा ठेवायला आत गेले.

ती मागणी अजून यादीत 'बाकी' म्हणून दिसते. समितीकडून विचारणा झाली की मी ती तपासणीची नोंद आहे असं सांगतो. ते खोटं आहे, आणि एखाद्या घरी खाटेची वाट पाहत असतील का हा विचार मला सोडत नाही. तरीही नोंद पुढे सरकवायला हात होत नाही. परवा गेलो तेव्हा खाटेवर धुतलेली चादर घातली होती, कोपरे नीट खोचलेले. मामा उशाकडे बसले होते. जरा वर सरकून पायथ्याशी जागा करत म्हणाले, "बसा ना." मी बसलो.