तीन वेळा ‘चाल पुढे’

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा माझ्या विजयाचा किस्सा आहे! आता त्या विजयात मी तोंडावर आपटलो ही गोष्ट वेगळी. पण विजय तो विजयच, नाही का?

आमचं गाव रोहणा. मी नोकरीपायी सिंदी मेघेत राहतो, वर्ध्याच्या एका कचेरीत कारकुनी करतो. बाबा मात्र गावातच असतात. एके काळी त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो की सभा, बाबांचा भोंगा झाडावर चढल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. आता धंदा गेला. उरला एक रेकॉर्ड प्लेअर, आणि वर्षातून एक दिवसाचा मान. चौदा एप्रिलला सकाळी विहारासमोर झेंडा चढला की बाबा स्वतःच्या हातानं एक जुनं भीमगीत लावतात आणि त्यावर गावातल्या बायका लेझीम खेळतात. चाळीस वर्षांचा शिरस्ता!

यंदा मार्चमध्ये बाबांचा फोन आला. आवाज अगदी पडलेला.

"पंकज म्हणते, यावर्षी मोबाईलवर लावू गाणं. माहा हात थरथरते म्हणते."

पंकज म्हणजे जयंती मंडळाचा नवा अध्यक्ष. माझं डोकंच फिरलं. लगेच त्याला फोन लावला.

"काऊन रे पंकज, बाबाले घरी काऊन बसवून राह्यला?"

"तसं नाई काका. पण ते रेकॉर्ड अडकते नं! मोबाईलमंधी कसं चकाचक गाणं. महिन्याचे शंभर रुपये देल्ले का जगातली सारी गाणी खिशात!"

"चकाचक पाहिजे तुले? मी आणतो चकाचक रेकॉर्ड! लावतीन बाबाच!"

"आणा. पण यावर्षी गडबड झाली तं पुढच्या वर्षीपासून मोबाईल. मंग मले नावं ठेवू नका."

घेतलं की मी आव्हान अंगावर!

आता रेकॉर्ड अडकते, ही गोष्ट खरी होती. गाण्यात ‘चाल पुढे’ असे शब्द आहेत आणि बरोबर तिथंच एक ओरखडा आहे. सुई तिथं आली की ‘चाल पुढे, चाल पुढे, चाल पुढे…’ आणि गाणं काही पुढं चालत नाही! मग बाबा सुईच्या दांड्याला बोटानं हलकीच टिचकी मारतात, तेव्हा कुठं ते मार्गाला लागतं. हा ओरखडा आमच्या मांजरीनं पाडला, असं घरात मानलं जातं. त्या मांजरीबद्दल मी जास्त बोलणार नाही.

आठवडाभर शोधाशोध केली. शेवटी पुण्याचा एक जुन्या रेकॉर्ड विकणारा सापडला. त्याच्याकडे तीच रेकॉर्ड, एकदाही न वाजवलेली, बंद पाकिटात! किंमत तीन हजार आठशे.

माझी बायको वैशाली म्हणाली, "एका गाण्याले तीन हजार आठशे? गाणारा येते का सोबत?"

पण मला त्या विक्रेत्यानं पुरतं पढवलं होतं. म्हणे मोबाईलमधलं गाणं भाड्याचं, पैसे भरणं थांबलं की गाणं थांबलं. रेकॉर्ड मालकीची! म्हणे तरुण पोरं पुन्हा रेकॉर्डकडे वळताहेत, दहा वर्षांनी बघा भाव! झालं. मी हे सगळं कचेरीत सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आर्वीच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं. तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरला.

तुम्ही विचाराल, ती रेकॉर्ड एकदा वाजवून तरी पाहिली का? नाही! कोरं पाकीट साऱ्या गावासमोर फोडायचं होतं ना मला!

चौदा एप्रिल उजाडला. झेंडा चढला, वंदना झाली. लेझीमच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. पांढऱ्या साड्या, निळ्या किनारी, आणि सगळ्यांच्या पुढे शकुंतलाकाकू. मी ऐटीत पाकीट फोडलं.

बाबा हळूच म्हणाले, "जुनीच लावू का रे?"

"बाबा, तुम्ही फक्त सुई ठेवा. आज टिचकीची गरजच नाही!"

बाबांनी सुई टेकवली, बोट मागं घेतलं आणि हात मांडीवर ठेवला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं. पण विजयी माणसाला काय कळतं हो?

गाणं सुरू झालं. काय आवाज! काचेसारखा स्वच्छ! मी पंकजकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात ते ‘चाल पुढे’ आलं. शकुंतलाकाकूंनी नेहमीसारखं एक पाऊल पुढं टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. गाणं मात्र एकदाच ‘चाल पुढे’ म्हणून वळायच्या ओळीवर पोचलेलं! मागच्या रांगेतल्या निम्म्या जणी वळल्या, निम्म्या चालतच राहिल्या. लेझमीत लेझमी अडकल्या. आमची वैशाली थेट काकूंच्या पाठीवर!

"थांबवा!" काकू कडाडल्या. "रेकॉर्ड खराब हाय! दोन ‘चाल पुढे’ खाल्ले तिनं!"

"काकू, हीच बरोबर आहे. मूळ गाण्यात एकदाच आहे!"

"आमाले शिकवतं? चाळीस वर्षांपासून खेळून राह्यलो आमी! तीन पावलं म्हंजे तीन पावलं!"

पंकजला तर आयतीच संधी. "काका, सांगतलं होतं नं!" म्हणत त्यानं मोबाईल जोडला. पुन्हा गाणं, पुन्हा तीन पावलं, पुन्हा धडकाधडकी!

"हा मोबाईलबी खराब हाय!" काकूंनी निकाल दिला. पंकज चार्जिंग बघायला लागला.

आणि तेव्हा बाबा उठले. पिशवीतून त्यांनी जुनी रेकॉर्ड काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सुई ठेवली. खर्रर्र आवाज आला तसे सगळ्यांचे चेहरे खुलले. बाबांचं बोट दांड्याजवळ थरथरत होतं. चाल पुढे… चाल पुढे… चाल पुढे… टिच्‌!

तीन पावलं पुढं, गर्रकन वळण, आणि सगळ्या लेझमी एकदम वाजल्या! काय तो जल्लोष! पंकजनं बाबांचे हात धरले. "बाबा, हा मान तुमचाच. मले माफ करा." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

पण एवढ्यावर गप्प बसेन तर मी कसला! माईक घेतला. "पाहिलं? मोबाईल हरला! जगातली सारी गाणी खिशात, पण आमचं गाणं आहे का त्यात? रेकॉर्डला मरण नाही!" टाळ्याच टाळ्या!

शकुंतलाकाकूंनी विचारलं, "पण मूळ गाण्यात एकदाच हाय, तं हे तीनदाचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

बाबांनी माझ्या हातातून माईक घेतला. "ह्या पोराच्या. दुसरीत होता. खिळा घेऊन बसलता रेकॉर्डवर. अन् नाव मांजरीचं सांगतलं."

"बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"आपल्या घरी मांजर होती कवा बे?"

गाव हसून लोळलं. पण ऐका, काकूंनी तिथल्या तिथं माझ्या गळ्यात हार घातला! सारं गाव जिच्यावर चाळीस वर्षं नाचलं, ती कलाकृती माझी निघाली! सांगा, आहे का असा मान दुसऱ्या कुठल्या कारकुनाला?

दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी माझ्यापुढे ती कोरी रेकॉर्ड ठेवली आणि वर एक खिळा.

"जुनी कवा तुटन सांगता येत नाई. हिच्यावरबी मार एक. त्याच जागी मारजो."

मी चष्मा लावला, दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवून अंतर मोजलं, श्वास रोखला आणि मारला ओरखडा. मोठ्या थाटात वाजवली. तीन हजार आठशेची ती रेकॉर्ड तेव्हापासून सुरुवातीच्या पेटीच्या सुरांपुढं गेलेलीच नाही. शब्दच सुरू होत नाहीत!

बाबांनी बराच वेळ ती पेटी ऐकली. मग सुई उचलली आणि म्हणाले, "दुसरीत होता तवा हात साजरा होता तुहा."