पाइपातला पाहुणा

वाळवंटात माती मिळत नाही म्हणतात. नुसती वाळू! मी मात्र तिथं जाऊन पोटभर माती खाल्ली. हसायचं असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा, नंतर चहा नाकातून आला तर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

मी मूळचा देवगाव रंगारीचा. घरी मक्याचं शेत, आणि मी शेंद्र्याला एका कारखान्यात फिटर. कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे आज आत, उद्या गेटच्या बाहेर. बायको म्हणायची, "तुमची नोकरी म्हंजी गावाकडची लाइट. कवा येती, कवा जाती, पत्ता नाय."

माझ्याच मशीनवर एक पोरगा होता, त्याचा थोरला भाऊ सलीमभाई. राहणार शहागंज, पण सगळी उमर ओमानच्या तेलाच्या मुलखात क्रेन चालवण्यात गेलेली. ते सुट्टीवर आले की मी त्यांच्या मागं. "सलीमभाई, मलाबी न्या ना!" शेवटी वैतागून म्हणा, दया येऊन म्हणा, त्यांनी आपल्या साहेबाकडं शब्द टाकला. मुंबईला इंटरव्ह्यू झाला, एक वाल्व्ह खोलून परत बसवून दाखवला, आणि लागलो की राव! अट एकच. सुरुवातीचे महिने ट्रायल. साहेबाला पटलं नाही, तर परतीचं विमान.

आता काय सांगू तुम्हाला ते जग! दिवसाउजेडी, भर उन्हात, आभाळाला टेकलेल्या चिमणीतून ज्वाळा निघतेय आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मी बघतच राहायचो. समुद्राचं खारट पाणी गोड करून नळाला सोडलेलं! आमच्या शहरात नळ कधी येणार हे ज्योतिषालाही सांगता येत नाही, आणि तिथं वाळवंटात, झाडाचं पान दिसत नाही अशा ठिकाणी, आंघोळीला पाणीच पाणी. पत्र्याच्या खोलीत अशी थंडी की गोधडी घ्यावी. आणि तो पाइप! माणूस वाकून आत शिरेल एवढा जाड, वाळूवरून निघालाय तो निघालाय, थेट आभाळ टेकतं तिथपर्यंत. पहिल्या दिवशी मी त्याला चक्क नमस्कार केला होता.

हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, याला अक्कल होती की नव्हती? अहो, होती. पण रोज एकेक अचाट गोष्ट बघून अशी गत झाली होती की उद्या कुणी म्हणालं असतं, इथं उंट इंग्रजी बोलतात, तर मी विचारलं असतं, "ग्रामरसकट?"

तर झालं असं. आमचे साहेब म्हणजे कुरियन साहेब. केरळचे. माणूस सज्जन, पण हिंदी त्यांची त्यांनाच ठाऊक. एका सकाळी कामाची वाटणी करताना मला म्हणाले, "कल सुबह उधर से पिग छोड़ेगा. दोपहर को इधर पहुँचेगा. तुम रिसीवर पे खड़ा रहेगा."

रिसीवर म्हणजे पाइप जिथं संपतो तिथलं तोंड, जाड लोखंडी दार असलेलं. ते मला माहीत होतं. पण पिग?

"साहेब, पिग... पाइप के अंदर से?"

"हाँ. अंदर ब्रश मारते-मारते आएगा. पूरा सफाई."

पिग म्हणजे डुक्कर, एवढं इंग्रजी आमच्या गावच्या शाळेनंही शिकवलेलं. तरी विचारलं, "साहेब, अंदर तो तेल है ना?"

"तेल ही तो पीछे से धकेलता है."

"और फँस गया तो?"

"तो पीछे से प्रेशर बढ़ाएगा."

"फिर भी नहीं निकला तो?"

"तो दूसरा पिग छोड़ेगा. वो इसको धक्का मारेगा." एवढं बोलून साहेबांनी शांतपणे कॉफीचा घोट घेतला. "सलीम क्रेन लेके आएगा, उठाने को."

क्रेन! उचलायला क्रेन लागते, म्हणजे जनावर केवढं असेल, सांगा!

त्या संध्याकाळी घरी फोन लावला. म्हटलं, "आप्पा, हितं डुकराकडून पाइप साफ करून घेतेत."

आप्पा म्हणजे आमचे वडील. रानडुकरांनी दरवर्षी आमची मका लोळवलेली, त्यामुळं डुक्कर म्हटलं की त्यांचं रक्त तापतं. म्हणाले, "तिथं डुकराला बी काम लावलंय, व्हय? आन् आपल्याकडं पदवी घेतलेली पोरं मोबाइल घासत बसल्यात!"

"हां ना आप्पा. लई पुढं गेलाय ह्यो मुलूख."

मग आप्पांचा आवाज एकदम मऊ. "आरं, पर एवढ्या लांबून येतंय ते, वाटंत पाणी-बिणी पाजत्यात का कुनी?"

लागलं ना मनाला! शाळेच्या सहलीत दौलताबादच्या किल्ल्यावरच्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारातून, जाताना मी मास्तरांचा सदरा सोडला नव्हता. सगळा वर्ग बरोबर, पुढं मशाल, तरीसुद्धा! आणि हे मुकं जनावर एकटं, त्या काळ्याकुट्ट पाइपात, मागून तेलाचा लोंढा!

त्यात दुसरी काळजी. सलीमभाई पाच वक्ताचे नमाजी. त्यांना न सांगता हे लोक डुक्कर उचलायला लावणार? ज्या माणसानं मला भाकरीला लावलं, त्याचा धर्म मी बघत बसून बाटू देऊ? जेवायच्या वेळी त्यांच्याशेजारी बसलो आणि हळूच म्हटलं, "सलीमभाई, उद्या दुपारी तुम्ही सुट्टी टाका. तुमचं काम मी करतो."

"कायकू?"

"विचारू नका. तुमच्या भल्याचंच आहे."

"तेरेकू क्रेन चलानी आती?"

"क्रेन कशाला? मी हातानंच उचलतो."

सलीमभाईंचा घास हातातच राहिला. माझ्याकडं बघत म्हणाले, "मैं तेरेकू इधर लाया, और तू मेरी ईच जगा पे नजर डालरा?"

"तसं नाही हो!"

"हौ, हौ, समझा मैं." ताट उचलून ते दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. खरं कारण सांगावं तर त्यांना वाईट वाटणार, न सांगावं तर मी बेइमान!

सकाळी त्यांनी साहेबांकडं तक्रार केली. साहेबांनी मला बोलावलं. "तुम क्रेनवाले का काम क्यों माँगता?"

मी खाली मान घालून म्हणालो, "साहेब, उनके धरम का सवाल है."

"क्रेन में धरम?" साहेब माझ्याकडं बघतच राहिले. "तुमको धूप लगा क्या? पानी पियो. एक और ऐसा बात, तो घर भेजेगा."

दुपारी मी रिसीवरवर हजर. हातात बादली, बादलीत गार पाणी. खिशात मेसमधले खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घडी घालून कोंबलेले. सलीमभाई क्रेनमध्ये बसलेले, माझ्याकडं पाठ. साहेबांच्या वॉकीटॉकीवर सारखं सुरू, "पिग इतक्यात येतंय, जवळ आलंय, वेग बरोबर आहे."

मला राहवेना. पाइपाला कान लावला.

आधी नुसती घूं घूं, जमिनीच्या पोटातून यावी तशी. अंगावर काटा आला. मग लांबून काहीतरी सरकत येतंय असा आवाज. आणि मग, देवाशप्पथ, एक किंचाळी! लांब, चिरकी, हुबेहूब आमच्या मक्यातल्या डुकरासारखी!

"जिवंत हाय!" मी बोंब ठोकली. "साहेब, जिंदा है! जिंदा है!"

सगळी साइट थबकली. "कौन जिंदा है?" साहेब धावत आले. "पाइप में कोई है?"

"वोइच! चिल्ला रहा है बेचारा! जल्दी खोलो!"

"हाथ मत लगाओ!" साहेब गरजले. आतला दाब उतरेपर्यंत ते दार उघडायचं नसतं. त्यांचे डोळे दाब दाखवणाऱ्या घड्याळासारख्या तबकड्यांच्या काट्यांवर, माझे दारावर. शेवटी काटे खाली आले, बोल्ट निघाले, दार बाजूला सरकलं. मी बादली पुढं केली, खुबूस हातात धरला आणि गावाकडं वासराला बोलवावं तसं म्हणालो, "ये बाबा, ये. दमलास ना?"

आणि बाहेर आलं... काय? पिवळ्या रबराच्या जाडजूड चकत्या, मध्ये लोखंडी दांडा, भोवती तारेचे ब्रश. वरून तेलातलं काळं मेण ठिबकतंय. ना तोंड, ना शेपूट.

साहेबांनी त्या यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग खुबूसकडं. "ये रोटी किसके लिए?"

मी काय सांगणार? "इसके लिए," एवढंच तोंडातून निघालं.

सलीमभाई क्रेनमधून उतरले. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला असावा. "एक मिनिट. तू मेरेकू इसके वास्ते आने से रोकरा था? मेरेकू हाथ लगाना पड़ेगा बोलके?"

मी मान हलवली.

सलीमभाई वाळूत बसले. म्हणजे हसून हसून बसलेच. साहेब वॉकीटॉकी तोंडावर धरून हसत होते, त्यामुळं पलीकडच्या टोकालाही सगळं ऐकू गेलं. मग सलीमभाईंनी डोळे पुसले, उठून मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "पहले बोलना था ना, पागल. रातभर मैं तेरेकू गाली दिया रे."

साहेबांनी मला घरी पाठवलं नाही. उलट जवळ बोलावून हातमोज्यासकट त्या यंत्रावर हात ठेवायला लावला. कोमट होतं ते. जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन आलेलं. साहेब म्हणाले, पाइपात घासताना हे असंच किंचाळतं, म्हणूनच याचं नाव पिग, असं जुने लोक सांगतात. म्हणजे कान माझे बरोबर होते की नाही? फक्त दोन कानांच्या मधला भाग...

"ये तो कुछ भी नहीं," साहेब म्हणाले. "अगले महीने इंटेलिजंट पिग आएगा. पाइप किधर पतला हुआ, किधर जंग लगा, सब अंदर से खुद देखके बताएगा."

मी आ वासला. इंटेलिजंट! स्वतः बघून सांगणार!

सलीमभाईंनी माझ्या उघड्या तोंडाकडं पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "शुकर है साब, इस रिसीवर पे कोई तो इंटेलिजंट आरा!"