उभ्या गाडीचा सूर

लाटण्यानं पोळ्या आमच्या नेरूळच्या सोसायटीतल्या सगळ्याच बायका लाटायच्या, पण लाटण्यानं गाडी तपासणाऱ्या एकट्या कोल्हापूरच्या काकू. बॉनेट उघडून लाटण्याचं एक टोक कार्बोरेटरवर टेकवायच्या, दुसरं कानाला लावायच्या आणि डोळे मिटून ऐकत राहायच्या. मग एक स्क्रू केसभर पिळायचा की पुन्हा कान. माझ्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तिथंच उघडायची, त्यामुळे नव्वदनंतरच्या त्या वर्षांत माझी दुपारची भांडी त्या इंजिनाच्या तालावरच घासली गेली.

गाडी जुनी, विलायती, दोन दारांची. काकूंच्या वडिलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. त्यांनी लेकीला लग्नात गाडी दिली आणि ती खोलून जोडायची विद्याही दिली. दिवाळीच्या फराळाआधी काकू कार्बोरेटर उतरवायच्या, स्टीलच्या ताटात पेट्रोल ओतून त्याचे बारीक भोकांचे पितळी जेट भिजत घालायच्या आणि एकेक फुंकून बघायच्या. शेजारी चकलीचा सोऱ्या धुऊन वाळत पडलेला असायचा. कुणी म्हणालं, "काकू, आता नवा कार्बोरेटर बसवून टाका," तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "नवा बसतोय की. पर नांदत न्हाई."

एवढी लाडाची गाडी, पण ती सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी गेली नाही. कारण काका. काकू फाटकाबाहेर पडल्या की काकांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. डॉक्टर म्हणायचे, हृदय उत्तम आहे. काकांना ते पटायचं नाही. खाली इंजिन चालू असलं की मात्र त्यांना स्वस्थ झोप लागायची, कारण आवाज येतोय म्हणजे बायको खालीच आहे. म्हणून रोज दुपारी काकू गाडी चालू करून जागच्या जागी ठेवायच्या, आणि सूर इतका मऊ लावायच्या की काकांची झोप चाळवू नये. "कुठं जायचंय तुला?" काका विचारायचे. "दिवाळे गावच्या कोळणी मासळी दारात आणून देतात, भाजी कोपऱ्यावर मिळते." मला त्या माणसाचा असा संताप यायचा! एकदा मी काकूंना म्हणाले, "तुम्ही ऐकून कशाला घेता?" त्या म्हणाल्या, "खरंच काय झालं तर? मग जन्मभर माझंच मन मला खाईल."

काकूंची थोरली बहीण, ताई, मुलाकडे खांदेश्वरला राहायला आली होती. इतक्या जवळ येऊनही बहिणींची भेट नव्हती. ताई अंथरुणाला खिळलेली आणि काकू पार्किंगला. एका रविवारी दुपारी ताईच्या मुलाचा फोन माझ्याकडे आला, कारण काकूंकडे फोन नव्हता. "मावशीला म्हणावं, आजच ये. आई सारखी तिचंच नाव घेतेय." मी खिडकीतूनच निरोप सांगितला. काका वर झोपलेले, गाडी चालूच होती. काकूंनी पदराला हात पुसले, बॉनेट दाणकन आपटलं आणि मला म्हणाल्या, "बस गाडीत." ती गाडी फाटकाकडे येताना बघून आमचा वॉचमन फाटक उघडायचंच विसरला.

हायवेला लागेपर्यंत काकू काहीतरी गुणगुणतसुद्धा होत्या. बेलापूरच्या पुढे चढ लागला, त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला आणि गाडी खोकली. पुन्हा दाबला, पुन्हा खोकली आणि बंद पडली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. काकूंनी कडेला बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचं झाकण काढलं आणि आतून एक लहानशी चामड्याची वाटी बाहेर काढली. पायडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या पंपाची ती वाटी, सुकून पापडासारखी झाली होती.

"हिला कधी बघितलंच न्हाई मी," काकू म्हणाल्या. "उभ्या गाडीला ही लागतच न्हाई. सारी वर्षं मी उभ्या गाडीचाच सूर लावला गं."

त्यांनी इंजिनातलं तेल बोटावर घेऊन ती वाटी चोळली, कडा हलक्या हातानं फाकवली आणि परत बसवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चढ समोर होता, खांदेश्वर फार लांब नव्हतं. पण काकूंनी घड्याळ बघितलं. "आवाज थांबल्याला लई वेळ झाला. त्यांचं काय झालं असंल?" मी म्हणाले, काही झालं नसेल, चला पुढं. पुढच्या वळणावरून त्यांनी गाडी माघारी घेतली.

आम्ही धावत जिना चढलो. काका घोरत होते. आमच्या पावलांनी जागे झाले आणि म्हणाले, "गाडी बंद केलीस वाटतं. चहा टाक."

काकूंनी चहा टाकला. त्याच रात्री ताई गेली. सकाळी फोनवर मीच ते ऐकलं आणि तीन जिने चढून सांगायला मीच गेले. काकू रडल्या नाहीत. पण त्या दुपारी खाली गाडी चालू झाली नाही, दुसऱ्या दुपारीही नाही. काका गॅलरीत येऊन विचारायचे, "आज आवाज नाही?" काकू पोळ्या लाटत राहायच्या.

तेराव्याच्या सकाळी मात्र इंजिन सुरू झालं. मी खिडकीशी गेले. काकू बाहेर जायची साडी नेसून, डबा घेऊन एकट्याच बसल्या होत्या. वर गॅलरीत काका, छातीवर हात ठेवून. काकूंनी पाय दाबला. गाडी एकदाही न खोकता फाटकाबाहेर पडली.

संध्याकाळी त्या परतल्या, तेव्हा मी पार्किंगमध्येच थांबले होते. काका काय म्हणाले निघताना, असं विचारलं.

"म्हणाले, छातीत धडधडतंय." काकूंनी चावी काढली आणि इंजिन शांत झालं. "म्हटलं, धडधडतंय म्हंजे चालू हाय. माझ्या ताईचं बंद पडलं."

त्यानंतर खांदेश्वरला जायचं कारण उरलं नव्हतं, तरी दर रविवारी काकू भाच्याकडे जाऊन यायच्या. गाडी उभी असताना मात्र त्यांनी ती पुन्हा कधीच चालू ठेवली नाही.