ओकारीची कव

समुद्राचा सातबारा नसतो. तरी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत मी येईल त्याला ऐकवायचो, "आमची समुद्रात जागा आहे!" जागा म्हणजे कव. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचा आणि त्याला जाळं बांधायचं. आमची कव बाबांनी तरुणपणी मारलेली, म्हणून आमचा अख्खा कोळीवाडा, पाचूबंदर, तिला बाबांच्याच नावाने ओळखायचं. तिथे दुसऱ्याने जाळं लावायचं नाही, हा गावकीचा कायदा. पण हंगामात कव रिकामी राहिली तर ती मागणाऱ्याला द्यायची, हाही गावकीचाच.

यंदा धाकट्या भावाला खलाशी मिळेनात आणि शेजारच्या बोटवाल्याने कव मागितली. बाबा आता बोटीवर जात नाहीत. ओट्यावर बसून एवढंच विचारायचे, "कव कोन मारनार?" मला कुठून अवदसा आठवली देव जाणे!

"मी आहे ना!" दिवसभर एसीत बसणारा मी, छाती काढून म्हणालो.

"दादा, भाईंदरच्या फेरीबोटीत तू डोळे मिटून बसतोस."

"अरे, रक्तातच समुद्र आहे आपल्या!" असली वाक्यं मला फार पटकन सुचतात.

भावाचे दोन मित्र घेऊन आम्ही निघालो. पाण्याचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांतच खुंट ठोकता येतो. माझ्याकडे एकच काम होतं, खुंटाचा दोर घट्ट धरायचा. बोट थांबली, डुलायला लागली आणि सकाळचं पाव-ऑम्लेट सरळ समुद्रात. पोट धरायला गेलो तो दोर सुटला. खुंट आडवा झाला आणि गेला वाहत. कव मागणाऱ्या त्या शेजाऱ्याच्या बोटीवरचे सगळे बघत होते. भावाने नुसती बोट माघारी वळवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भांग सरला, मित्र आपापल्या कामाला गेले आणि गावकीने कव शेजाऱ्याला दिली. बाबांच्या पुढ्यात जायला मला लाज वाटत होती. तरी रविवारी गेलो. भाऊ जाळं शिवत बसला होता.

"शेजारी वायरलेसवर काय सांगतो माहितेय? 'ओकारीवर आहे.' सगळ्या बोटी आता त्या कवीला ओकारीच म्हनतात."

मी मान खाली घातली. बाबा मात्र हसायला लागले, पार ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसत म्हणाले, "जाऊं दे. जागा गेली, पन नाव आपल्याच घरातलं रायलं."